पाळकसाहेबांना आधार कसा द्यावा: पंचांसाठी आणि सभासदांसाठी काही व्यवहारी सूचना

रविवारची उपासना संपते, आशीर्वचन होते आणि पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, झगा न उतरवताच दाराशी येऊन उभे राहतात. पुढची पंधरा-वीस मिनिटे माणसे हात मिळवत बाहेर पडत असतात. ‘सलाम पाळकसाहेब, उपदेश छान झाला,’ असे चाळीस जण म्हणतात. त्यांच्या मधूनच कोणी माइकचा आवाज मागच्या बाकांपर्यंत येत नसल्याचे सांगतो, कोणी मुलीच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्याची आठवण करून देतो, आणि एखाद्या वयस्कर बाई हात तसाच धरून ठेवून ‘चार महिने झाले, आमच्या घराची पायरी चढला नाहीत,’ असे सर्वांच्या देखत ऐकवतात. दुपारी जेवायला बसल्यावर पाळकसाहेबांना त्या चाळीस जणांचे शब्द आठवत नाहीत. पायरीचे वाक्य मात्र आठवते.

मी एका मराठी मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदसमूहाच्या, पंचकमिटीवर (कारभार पाहणाऱ्या समितीवर) आधी खजिनदार आणि नंतर सेक्रेटरी म्हणून बरीच वर्षे काम केले. त्या काळात आमच्याकडे पाच पाळक आले आणि गेले. त्यांपैकी दोघे जाताना खचलेले होते, आणि त्यात आमच्या कमिटीचा वाटा होता, हे मी आता मान्य करतो. आमचे त्यांच्यावर प्रेम नव्हते असे नाही. वाढदिवसाला केक कापला जाई, नाताळला कपडे दिले जात, निरोप समारंभात डोळ्यांत पाणी येई. चुकत होते ते रोजच्या व्यवहारात. अमेरिकेत ऑक्टोबर महिना पाळकांच्या कौतुकासाठी राखून ठेवण्याची प्रथा आहे आणि आपल्याकडच्या काही मंडळ्यांनीही ती उचलली आहे. तिला माझा विरोध नाही. पण माझ्या ओळखीच्या एका पाळकांच्या कपाटात सत्काराच्या अकरा शाली होत्या आणि त्यांच्या घराची पाण्याची मोटर तीन आठवडे बंद होती. पाळकाला उभे ठेवते ते मंडळीचे वहीखाते, वेळापत्रक आणि बोलण्याची रीत; पुढे जे लिहिले आहे ते या तिन्हींविषयी आहे.

माझा अनुभव प्रोटेस्टंट मंडळीचा आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा निरनिराळ्या मिशनांच्या मंडळ्या तिच्यात एकत्र आल्या, आणि आज महाराष्ट्रातल्या अनेक जुन्या मराठी मंडळ्या तिच्या धर्मप्रांतांत, म्हणजे एकेका बिशपच्या अखत्यारीतल्या विभागांत, मोडतात. तिथे पाळकांची नेमणूक आणि बदली बिशप व धर्मप्रांताचे कार्यालय करते. स्वतंत्र मंडळ्यांत पाळक बहुधा स्वतःच मंडळी उभी करतात. दोन्हीकडचे प्रश्न थोडे वेगळे असले तरी सूचना बऱ्याचशा सारख्याच लागू पडतात.

आधी त्यांचा आठवडा कागदावर उतरवा

पहिले काम खर्चाचे नाही. पंचांनी एकदा पाळकसाहेबांसोबत बसून त्यांचा मागचा आठवडा, जसा झाला तसा, वारानुसार एका कागदावर लिहून काढावा. आम्ही हे प्रथम केले तेव्हा कमिटीतले निम्मे लोक गप्प झाले. रविवारी सकाळी गावातली उपासना, दुपारी बावीस किलोमीटरवरच्या खेड्यातली, संध्याकाळी तिसऱ्या वस्तीवरची. सगळा प्रवास मोटरसायकलवर. सोमवारी विश्रांती घ्यायची म्हणून ठरवलेली, पण पहाटेच एका आजोबांच्या निधनाचा निरोप आला आणि संध्याकाळी दफनविधी झाला. मंगळवारी दवाखान्यात दोन भेटी, बुधवारी महिला मंडळ, गुरुवारी घरसभा, शुक्रवारी उपवास-प्रार्थना, शनिवारी तरुण संघ आणि गायनपथकाचा सराव. या सगळ्यात उपदेशाची तयारी कुठे बसवली होती? शनिवारी रात्री साडेदहानंतर. शिवाय त्याच आठवड्यात त्यांनी वीजबिलाच्या चुकीसाठी एक फेरी मारली होती, सभागृहाची चावी दोनदा शोधून दिली होती आणि कब्रस्तानाच्या कुंपणावरून शेजाऱ्याशी झालेली बाचाबाची मिटवली होती.

त्या कागदावर पुढची खूण अशी करावी की, ज्या कामाला दीक्षित सेवकाचीच, म्हणजे पाळकांचीच, गरज आहे त्यापुढे फुली आणि ज्याला नाही त्यापुढे एका सभासदाचे नाव. प्रभुभोजन, बाप्तिस्मा, उपदेश आणि अंत्यघटकेची प्रार्थना ही त्यांची कामे आहेत. वीजबिल, चावी, माइक, मांडव आणि खुर्च्या यांच्यासाठी कोणी सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या शिक्षणसंस्थेत, शिकून आलेले नसते. बायबलमधल्या निर्गमाच्या अठराव्या अध्यायात मोशेचे सासरे इथ्रो जावयाचा दिवस पाहतात, सकाळपासून संध्याकाळपर्यंत लागलेली माणसांची रांग पाहतात, आणि हे बरे नव्हे, तू थकून जाशील, असे स्पष्ट सांगतात. प्रार्थना अधिक करा असे ते सांगत नाहीत. दहा-दहांवर, पन्नास-पन्नासांवर माणसे नेमायला सांगतात.

कागदपत्रांची कामे मी मुद्दाम वेगळी काढतो, कारण ती दिसत नाहीत आणि पाळकांची झोप तीच सर्वात जास्त उडवतात. मंडळीची नोंदणी सार्वजनिक न्यास म्हणून झालेली असेल तर १९५० च्या कायद्याप्रमाणे हिशेबतपासणी करून घ्यावी लागते, आणि विश्वस्तांत बदल झाल्यास ९० दिवसांत त्याचा अहवाल धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात द्यावा लागतो. हे काम मंडळीतल्या वकिलाने, सीएने किंवा निवृत्त कारकुनाने अंगावर घ्यावे. आमच्या मंडळीत महसूल खात्यातून निवृत्त झालेले एक काका होते. त्यांना कोणी कधी काही विचारलेच नव्हते. विचारल्यावर त्यांनी दोन महिन्यांत दहा वर्षांच्या फायली लावून दिल्या, आणि स्वतःही जरा तरतरीत झाले.

विवाहाच्या बाबतीत मात्र काम वाटून घेता येत नाही. तिथे पाळकांवर दबाव न आणणे हाच आधार. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ चा आहे. विवाह लावणाऱ्याला परवाना, नोटीस, नोंदवही आणि साक्षीदार यांची जबाबदारी स्वतःच्या सहीने घ्यावी लागते, आणि वराचे वय २१ व वधूचे १८ पूर्ण नसताना विवाह लावणे हा गुन्हा आहे. ‘आपलेच लोक आहेत, एवढे काय धरून बसता,’ असे म्हणणारा मामा किंवा काका प्रत्येक लग्नघरात असतो. त्याला थांबवणे पंचांचे काम आहे. पाळकांनी नकार दिला की ते एकटे वाईट ठरतात. पंचांनी आधीच ‘आमचा नियम आहे’ असे सांगितले की नकाराचे ओझे वाटले जाते.

पगाराची तारीख

येथे मला माझी चूक सांगितली पाहिजे. मी खजिनदार असताना रविवारचे दान आणि महिन्याची वर्गणी पुरेशी जमली की पाळकसाहेबांच्या हातात पैसे ठेवत असे. कधी पाच तारखेला, कधी बारा, एकदा तर एकवीस. त्यांनी एकदाही विचारले नाही, आणि मी त्याचा अर्थ त्यांना अडचण नाही असा घेतला. मग एके दिवशी किराणा दुकानात मालकाने सहज विचारले, ‘तुमच्या साहेबांचं खातं या महिन्यात कधी मिटेल?’ मी पाव किलो चहापत्ती घेऊन घरी आलो आणि त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. दर रविवारी ज्याच्या तोंडून आम्ही विश्वासाविषयी ऐकत होतो, त्याला आम्ही उधारीवर ठेवले होते.

बायबलमध्ये तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात मळणीच्या बैलाला मुसके न बांधण्याचे वचन आहे आणि त्याच्याच शेजारी कामकऱ्याच्या मजुरीचे. ज्यांच्या घरी मळणी झाली आहे अशा आपल्या शेतकरी सभासदांना ते समजावून सांगावे लागत नाही. अडचण असते ती आम्हा नोकरदार पंचांची.

म्हणून पगाराची तारीख ठरवावी, ती वहीच्या पहिल्या पानावर लिहावी आणि त्या तारखेला पैसे थेट बँक खात्यात जमा करावेत, म्हणजे कोणाला कोणाच्या दारात यावे लागत नाही. तारीख पाळता यावी म्हणून निदान तीन महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम वेगळ्या खात्यात बाजूला ठेवावी आणि इमारत निधीला किंवा नाताळच्या रोषणाईला तिला हात लावू देऊ नये. ही रक्कम उभी करायला आम्हाला दीड वर्ष लागले. धर्मप्रांतामार्फत पगार होत असेल तिथे मंडळीने आपला वाटा वेळेवर भरणे हेच पगार वेळेवर देणे होय. वाटा थकवून नंतर ‘कार्यालयाकडून पगार उशिरा होतो’ असे म्हणणाऱ्या मंडळ्या मी पाहिल्या आहेत.

पगाराशिवाय कोणता खर्च कोण करणार हेही लिहून ठेवावे. वीज आणि पाणी मंडळीचे की पाळकांचे, पेट्रोल किलोमीटरच्या हिशेबाने की ठोक, फोनचे रिचार्ज कोणाचे, बाहेरगावच्या वक्त्याला पाळकांच्या घरी उतरवले तर त्याच्या जेवणाचा खर्च कोणाचा? हा शेवटचा प्रश्न हास्यास्पद वाटेल, पण पुनरुज्जीवन सभांच्या चार दिवसांत एखाद्या पाळकाच्या घरी किती पाने उठतात हे एकदा त्यांच्या पत्नीला विचारून पाहावे. लग्नात किंवा घरभरणीला लोक जो लिफाफा देतात तो पगारात धरू नये, आणि ‘त्यांना वरकमाई भरपूर आहे’ अशी भाषा कमिटीत कोणी वापरली तर अध्यक्षस्थानी असलेल्याने ती तिथेच थांबवावी. वार्षिक सभेत पगारवाढीचा विषय निघताना पाळकसाहेब स्वतः अध्यक्षस्थानी बसलेले असतात आणि त्यांच्या तोंडावर ‘दोनशे वाढवू की तीनशे’ अशी घासाघीस होते. तेवढ्या विषयापुरते दुसऱ्या कोणी अध्यक्षस्थान घ्यावे आणि त्यांना बाहेर चहा घेऊ द्यावा.

स्वतंत्र मंडळ्यांत दान आणि दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग) थेट पाळकांच्या हाती जाण्याची रीत आहे. ती पाळकांच्या सोयीची वाटते, पण पुढे तीच त्यांच्या गळ्याशी येते, कारण आज विश्वासाने दिलेल्या पैशाचा हिशेब उद्या संशयाने मागितला जातो. दोघांनी मोजणे, पावती, मंडळीच्या नावाचे खाते आणि त्यातून ठरावीक पगार ही पद्धत पाळकांना आरोपापासून वाचवते. सभासदांनी हा आग्रह प्रेमाने धरावा. त्यात अविश्वास नाही.

म्हातारपणाची तरतूद हा विषय तरुण पाळकांना नकोसा वाटतो आणि पन्नाशीनंतर उशीर झालेला असतो. पीपीएफचे खाते वर्षाला किमान ५०० रुपयांवरही चालू राहते आणि त्याची मुदत १५ वर्षांची असते, त्यामुळे पाळक रुजू झाले त्याच वर्षी मंडळीने ते उघडून देणे आणि दरमहा थोडी रक्कम त्यात भरणे अगदी लहान मंडळीलाही जमते. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना हा दुसरा मार्ग आहे. आरोग्य विमा कुटुंबासह काढावा. घरात पाळकांचे वृद्ध आईवडील असतील तर ७० वर्षांवरील व्यक्तींना आयुष्मान योजनेखाली उत्पन्नाची अट न लावता कार्ड मिळते; ते काढून देण्यासाठी तरुण संघातल्या एका मुलाची एक दुपार पुरते.

घर आणि घरातली माणसे

पाळकनिवास मंडळीचा असतो, त्यामुळे तिथले प्रत्येक खिळ्याचे काम कमिटीपुढे येते. आमच्या कमिटीने नव्या स्पीकरच्या जोडीला एका बैठकीत मंजुरी दिली आणि पाळकनिवासाच्या गळक्या कौलांवर तीन बैठका खर्च केल्या. तिसऱ्या बैठकीपर्यंत पाऊस संपला होता. त्यावर उपाय म्हणून आम्ही नंतर एक साधा नियम केला: वर्षातून एकदा, मे महिन्यात, दोन पंच आणि एक गवंडी घर पाहून येतील, आणि एका ठरावीक रकमेपर्यंतची दुरुस्ती पाळकसाहेब कोणाला न विचारता करून घेतील. घर पाहायला जाताना आधी वेळ विचारून जावे. मालक असल्यासारखे स्वयंपाकघरात शिरू नये. तुळशीच्या जागी कोणती कुंडी ठेवली आहे किंवा मुलीने कोणते कपडे घातले आहेत हे पाहायला आपण गेलेलो नसतो.

पाळकबाईंविषयी थोडे सविस्तर लिहावेसे वाटते. मंडळी एका माणसाला पगार देते आणि दोन माणसांचे काम धरून चालते. महिला मंडळाची प्रार्थना, शब्बाथ शाळा, प्रभुभोजनाची तयारी, अवेळी आलेल्या माणसाला चहा, रडत आलेल्या सुनेला धीर, हे सगळे ‘पाळकबाई करतीलच’ या दोन शब्दांत गृहीत धरलेले असते. रेव्हरंड नारायण वामन टिळक कविता आणि गीते लिहीत होते, हाती आलेले दुसऱ्याला देऊन टाकत होते, आणि तो संसार लक्ष्मीबाईंनी कसा ओढला हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. टिळकांची गीते आपण आजही उपासनेत गातो. लक्ष्मीबाईंचा विनोद मात्र पाळकांच्या घरात पुन्हा पुन्हा जन्माला यावा लागतो, नाहीतर तिथे निभाव लागत नाही.

म्हणून पाळकबाईंना काय करायला आवडेल ते त्यांनाच विचारावे, आणि ‘काहीच नाही, मी नोकरी करते, रविवारी मला शेवटच्या बाकावर नुसते बसायचे आहे,’ असे उत्तर आले तर ते मोठ्या मनाने स्वीकारावे. त्यांची नोकरी बदलीमुळे सुटणार असेल तर धर्मप्रांताच्या कार्यालयाला तसे वेळेवर कळवणे हे सेक्रेटरीचे काम समजावे. अवेळी घरी जाऊ नये. दुपारी दोन ते चार हे घर बंद आहे असे मंडळीत एकदा जाहीर केले की लोक पाळतात. त्यांच्याकडून नवऱ्यासाठीचे निरोप आणि तक्रारी पाठवू नयेत.

मुलांना ‘पाळकाचा मुलगा असून’ हे शब्द ऐकवू नयेत. इतर मुले मागच्या बाकावर खुसखुस करतात तेव्हा आपण हसतो आणि पाळकाच्या मुलाकडे डोळे वटारतो. मग वीस वर्षांनी ती मुले मंडळीत का येत नाहीत असे आपणच विचारतो. बदली शक्यतो शाळेचे वर्ष संपल्यावरच व्हावी असे लेखी कळवावे. नव्या गावात शाळाप्रवेशासाठी ओळखीचा शिक्षक सोबत पाठवावा.

काय बोलावे, कसे बोलावे

‘उपदेश छान झाला’ हे वाक्य वाईट नाही, पण ते हवेसारखे असते. त्याऐवजी उपदेशातली एक गोष्ट धरून बोलावे, आणि शक्यतो दोन-तीन दिवसांनी. आमच्या मंडळीतल्या एका एसटी कंडक्टरने बुधवारी पाळकसाहेबांना फोन करून सांगितले, ‘साहेब, तुम्ही रविवारी सुट्ट्या पैशांचे उदाहरण दिले होते. आज एका म्हाताऱ्या बाईचे सात रुपये माझ्याकडे राहिले, ती उतरून गेली होती, मी पुढच्या फेरीला तिला शोधून दिले.’ त्या फोनविषयी पाळकसाहेब मला वर्षभराने सांगत होते. उपदेशाचे बी कुठे पडले हे उपदेशकाला सहसा कळतच नाही; ते कळवणे एवढेच सभासदाला करायचे असते. फोन जमत नसेल तर चार ओळींचे पत्र लिहावे. पत्रे जपली जातात. शाली वाटून टाकल्या जातात.

कौतुकात आधीच्या पाळकांशी तुलना करू नये, ती नव्या पाळकांच्या बाजूने असली तरीही; कारण उद्या आपलीही अशीच मापे काढली जातील हे त्यांना समजते. प्रार्थनेतून टोमणे मारू नयेत. घरसभेत डोळे मिटून ‘प्रभू, आमच्या सेवकाला वेळेचे भान दे’ अशी विनंती करणाऱ्या सभासदाला देव काय उत्तर देतो ते ठाऊक नाही, पण समोर गुडघे टेकलेल्या पाळकांना ती ऐकू जाते. मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर रात्री दहानंतर काही टाकू नये आणि पाळकांविषयीची तक्रार तर कोणत्याही वेळी टाकू नये.

तक्रार असूच नये असे मी म्हणत नाही. पाळक चुकतात, कधी गंभीर चुकतात. बैलाच्या आणि मजुरीच्या वचनानंतर लगेचच, त्याच पाचव्या अध्यायात, मंडळीच्या वडिलांवरचा, म्हणजे पुढाऱ्यांवरचा, आरोप दोघा-तिघा साक्षीदारांशिवाय ऐकून घेऊ नये असे लिहिले आहे, आणि त्याच्या पुढच्या वचनात पाप करीत राहणाऱ्यांचा दोष सर्वांसमोर दाखवावा असेही आहे. त्याला धरून आम्ही पाळलेली रीत अशी: तक्रारदाराने आधी स्वतः पाळकांना भेटावे, एकट्याने भेटणे अवघड असेल तर एक पंच सोबत न्यावा, समाधान झाले नाही तर लेखी, नाव घालून, सेक्रेटरीकडे द्यावे. निनावी पत्र वाचले जाणार नाही. बहुतेक तक्रारी पहिल्या पायरीवरच विरघळल्या. पण पैशाचा अपहार, कोणाशी गैरवर्तन किंवा मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर ही पायऱ्यांची वाट लागू नाही; तिथे ताबडतोब वरिष्ठांकडे आणि गरज असेल तर पोलिसांकडे गेले पाहिजे. पाळकांना आधार देणे आणि त्यांची चूक झाकणे यांत गल्लत करणारी कमिटी पुढच्या दहा पाळकांचे काम अवघड करून ठेवते.

पंचांच्या निवडणुकीत पाळकांना आपल्या गटात ओढू नये. आपल्या मंडळ्यांत मिशनच्या काळातल्या जमिनी आणि इमारती आहेत, त्यांच्यावरून गट पडतात, गटांवरून कोर्टकचेऱ्या होतात, आणि ज्या पाळकाने एका गटाच्या घरी जेवण घेतले त्याच्या हातचे प्रभुभोजन दुसरा गट घेत नाही. यावर माझ्याकडे एकच उपाय आहे आणि तो अर्धाच आहे: निवडणुकीच्या दोन महिन्यांत पाळकांना कोणीही घरी जेवायला बोलावू नये.

विश्रांती, अभ्यास आणि एक मित्र

चहाची गोष्ट आधी सांगतो. एका दुपारी आठ घरे, आठ कप चहा, प्रत्येक कपात दोन चमचे साखर, सोबत फरसाण. नको म्हटले तर घरची बाई रुसते. पाळकांना मधुमेह आणि आम्लपित्त या मार्गाने येते. पाणी किंवा ताक विचारावे, आणि नको म्हटल्यावर आग्रह करू नये.

आठवड्यातला एक दिवस, बहुधा सोमवार, पाळकांचा रविवार समजावा. त्या दिवशी दफन सोडून कशासाठीही फोन करू नये आणि तातडीच्या निरोपांसाठी एका पंचाचा नंबर जाहीर करावा. सकाळचे दोन तास अभ्यासाचे म्हणून मोकळे ठेवावेत. वर्षाचे दोन मोसम त्यांना पिळून काढतात: एक आगमनकाळापासून, म्हणजे नाताळच्या तयारीच्या आठवड्यांपासून, नव्या वर्षाच्या मध्यरात्रीच्या उपासनेपर्यंत, जेव्हा नाताळच्या गाण्यांच्या फेऱ्यांनी रात्री जागतात, दुसरा राखेच्या बुधवारपासून, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवसापासून, शुभ शुक्रवारच्या तीन तासांच्या सात उद्गारांच्या उपासनेतून पुनरुत्थानाच्या पहाटेपर्यंत. दोन्ही मोसमांनंतरचा एकेक आठवडा त्यांना गावाबाहेर जाऊ द्यावे आणि त्या रविवारी कोण उपदेश करणार हे महिनाभर आधी ठरवावे, म्हणजे सुट्टी मागण्याची वेळ त्यांच्यावर येत नाही. कर्मेल डोंगरावरच्या विजयानंतर संदेष्टा एलीया रानातल्या झुडपाखाली मरण मागत बसला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी ठेवले, झोपू दिले, आणि उठवून पुन्हा खायला दिले.

अभ्यासासाठी पुस्तके लागतात. चांगले भाष्यग्रंथ बहुतेक इंग्रजीत आणि महाग असतात. पौलाने तुरुंगातून तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा मागवला आहे आणि सोबत पुस्तके, विशेषतः चर्मपत्रे. हिवाळ्याच्या आत ये, असेही पुढे लिहिले आहे. आमच्या मंडळीने या वचनावरून दरवर्षी पावसाळा संपल्यावर पाळकांकडून दोन पुस्तकांची नावे मागवून घ्यायला सुरुवात केली. नावे त्यांनीच द्यायची. आपल्याला आवडलेले पुस्तक त्यांच्या माथी मारायचे नाही. पुण्यातल्या सेमिनरींमध्ये अधूनमधून होणाऱ्या अभ्यासवर्गांना पाठवायचे असेल तर प्रवासखर्च आणि रजा दोन्ही द्यावी.

शेवटी मित्राचा प्रश्न. सभासद आपली दुःखे पाळकांना सांगतात. पाळकांनी ती कोणाला सांगावी? बिशप त्यांचे वरिष्ठ आहेत, पंच त्यांच्या पगारावर सही करतात, आणि पत्नीने आधीच पुष्कळ ऐकलेले असते. दुसऱ्या गावचे किंवा दुसऱ्या पंथाचे एखादे निवृत्त पाळक यासाठी उत्तम. महिन्यातून एकदा त्यांना भेटायला जाण्याचे भाडे मंडळीने द्यावे आणि काय बोलणे झाले हे कधीही विचारू नये. जुनेच उपदेश पुन्हा येऊ लागले, साध्या गोष्टीवर आवाज चढू लागला, माणसांच्या घरी जाणे टळू लागले, झोप आणि भूक गेली, अशी चिन्हे दोन-तीन आठवडे दिसली तर प्रार्थनासाखळी लावण्याबरोबरच डॉक्टरांची वेळ घ्यावी, आणि गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञांची. सोबत एका विश्वासू माणसाने जावे आणि गावात वाच्यता करू नये.

येताना आणि जाताना

नवे पाळक येतात तेव्हा सामानाचा टेम्पो बहुधा रात्री पोचतो. घरात दिवे लागतात का, टाकीत पाणी आहे का, गॅसची सोय आहे का, एवढे आदल्या दिवशी पाहावे आणि पहिल्या दोन दिवसांचे जेवण घरोघरी वाटून घ्यावे. स्वागत समारंभ पुढच्या रविवारी झाला तरी चालतो. पहिल्या महिन्यात एका जाणत्या सभासदाने त्यांना घरे दाखवत फिरावे. कोणाच्या घरी कोण आजारी आहे आणि कोणत्या दोन भावांत बोलणे नाही हे त्यांना वाटेत कळते.

जाताना हिशेब आदल्या आठवड्यात पूर्ण करावा: राहिलेला पगार, प्रवासखर्च, रजेचे पैसे, भविष्यनिधीची कागदपत्रे. निवृत्त होणाऱ्या पाळकांच्या बाबतीत एक प्रश्न पाच वर्षे आधी विचारावा, तो म्हणजे ते राहणार कुठे. आयुष्यभर मंडळीच्या घरात राहिलेल्या माणसाला निवृत्तीच्या दिवशी चावी परत द्यावी लागते आणि त्याच्या हातात दुसरी चावी नसते.

आणि जुने पाळक गेल्यावर त्यांच्यावरच्या प्रेमापोटी प्रत्येक लग्नाला, बाप्तिस्म्याला त्यांनाच बोलावण्याची सवय लावून घेऊ नये. बोलवायचेच असेल तर आधी नव्या पाळकसाहेबांच्या घरी जावे, त्यांना विचारावे, आणि निमंत्रणाचा फोन त्यांनाच करू द्यावा.